स्काय-वॉचर स्टार अ‍ॅडव्हेंचरर : बाबांच्या बिजागरीच्या जागी आलेला ट्रॅकर

गेल्या वर्षीच्या आधीच्या दिवाळीनंतर मी एक सेकंडहँड ट्रॅकर घेतला, म्हणजे कॅमेऱ्याला आकाशाच्या वेगाने हळूहळू फिरवणारं यंत्र. स्काय-वॉचरचा स्टार अ‍ॅडव्हेंचरर, तोही पहिला, वाय-फाय नसलेला. पुण्यातल्या एका मुलाने मोठं माउंट घेतलं म्हणून हा विकायला काढला होता. खालचा वेज (ट्रॅकरचा कोन लावायचा आधार) आणि ध्रुवदर्शकाचा छोटा दिवा यांसकट साडेअठरा हजारांना मिळाला. त्याला आता चौदा महिने झाले. पावसाळा, चंद्र, ढग, घरातली दोन लग्नं आणि कॉलेजच्या प्रॅक्टिकल परीक्षा वजा जाता माझ्या वाट्याला अकरा रात्री आल्या. हे त्या अकरा रात्रींवरून लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगते. तुमच्याकडे जुना डीएसएलआर कपाटात पडून असेल आणि आकाशाचे फोटो पुन्हा काढावेत असं मनात असेल, तर पहिला पैसा ट्रॅकरवर घाला. कॅमेरा आहे तोच चालू द्या. लेन्स तर जुनीच बरी, त्याचं कारण पुढे येईल.

मी हा नाद १९९७ साली लावून घेतला आणि चार-पाच वर्षांत तो सुटला. १९९७च्या मार्च-एप्रिलमध्ये हेल-बॉप धूमकेतू संध्याकाळी वायव्येला दिसायचा, तोही नुसत्या डोळ्यांनी. आमची वस्ती दहिवडीजवळ, माण तालुक्यात. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. त्यांच्याकडे एक रशियन झेनिट कॅमेरा होता, ५८ मिलिमीटरच्या हेलिओस लेन्सचा. धूमकेतूला दोन शेपट्या होत्या, एक पांढरी धुळीची आणि एक निळसर वायूची. ती निळी फिल्मवर यायला काही मिनिटं शटर उघडं ठेवावं लागायचं आणि तेवढ्या वेळात पृथ्वी फिरायची. मग बाबांनी दोन सागवानी फळ्या एका बिजागरीने जोडल्या. बिजागरीपासून २२८.५ मिलिमीटरवर ६ मिलिमीटरचा स्क्रू बसवला. त्या स्क्रूचे आटे १ मिलिमीटरचे. हिशोब असा की बिजागरीचा आस ध्रुवाकडे धरून स्क्रू मिनिटाला एक फेरा फिरवला, की वरची फळी आकाशाच्या वेगाने उघडत जाते. मी हातातल्या घड्याळावर सेकंद मोजायचे आणि बाबा दर पंधरा सेकंदांनी पाव फेरा द्यायचे. पाच मिनिटं आम्ही दोघं एकमेकांशी बोलायचो नाही, फक्त माझं 'पंधरा', 'तीस', 'पंचेचाळीस', 'साठ' चालायचं.

त्यातली एक निगेटिव्ह स्टुडिओत कापताना धूमकेतूच्या शेपटीतून कापली गेली. ताऱ्यांची फ्रेम निगेटिव्हवर जवळजवळ कोरी, पारदर्शक असते, तिची कड मशीनला दिसत नाही. रोलच्या सुरुवातीला एखादा फोटो उजेडात काढायचा असतो, म्हणजे बाकीच्या फ्रेमा मोजून कापता येतात, हे आम्हाला नंतर कळलं. ते दोन तुकडे माझ्याकडे अजून पाकिटात आहेत.

आता ट्रॅकरकडे वळते. भाच्याने इंजिनिअरिंगला असताना घेतलेला कॅनन ११००डी माझ्याकडे आला. १२ मेगापिक्सेलचा, आजच्या मानाने जुनाट. त्यावर बाबांची हेलिओस बसते का ते पाहिलं. चारशे रुपयांची एक रिंग लावली की बसते आणि अनंतावर फोकसही होतो. त्या लेन्सच्या चुडीला एम४२ म्हणतात, ४२ मिलिमीटर व्यास आणि आटे १ मिलिमीटरचे. मृगातल्या तेजोमेघाचं नावही एम४२. आणि १ मिलिमीटरचे आटे तर बाबांच्या स्क्रूलाही होते. हे लक्षात आलं तेव्हा मी स्वयंपाकघरातून उठून भाच्याला फोन केला होता.

या जोडीवर एक पिक्सेल म्हणजे आकाशातल्या साधारण साडेअठरा विकला (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा भाग म्हणजे विकला). आकाशाच्या विषुववृत्ताजवळचा तारा, म्हणजे समजा मृगातल्या बाणाचा, सेकंदाला १५ विकला सरकतो. म्हणजे ट्रॅकर नसेल तर सव्वा सेकंदात तारा पुढच्या पिक्सेलवर जातो. पाच-सहा सेकंदांच्या वर गेलात की ताऱ्यांच्या रेघा. त्या पाच सेकंदांत अंधुक गोष्टी येत नाहीत, येतो तो कॅमेऱ्याचा गोंगाट, म्हणजे दाणेदार ठिपके. ट्रॅकर आला की हेच पाच सेकंद नव्वद होतात. अठरा पट उजेड देणारा कॅमेरा किंवा लेन्स मला साडेअठरा हजारांत कुठे मिळणार होती?

वस्तू हातात घेतल्यावर आवडते. किलोभर वजन, डब्यासारखा आकार, आत १४४ दातांचं चाक आणि त्याला फिरवणारा वर्म, म्हणजे स्क्रूसारखा दांडा. एका बाजूला फिरतं बटण आहे, त्यावर ताऱ्यांचा वेग, सूर्याचा, चंद्राचा आणि टाइमलॅप्ससाठी काही वेग. कंपनी ५ किलोपर्यंत वजन सांगते. माझा कॅमेरा, लेन्स आणि बॉल हेड (कॅमेरा हव्या त्या दिशेला वळवून घट्ट करायचा सांधा) मिळून ते दोन किलोही होत नाही. चार पेन्सिल सेलवर चालतो. रात्री आसपास सगळं शांत झालं की कान जवळ नेल्यावर मोटरचा बारीक आवाज येतो.

ध्रुवाकडे आस लावण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण या विषयावरचं बहुतेक शिकवणं युरोप-अमेरिकेतल्या अक्षांशांवरचं आहे. तिथे ध्रुवतारा चाळीस-पन्नास अंशांवर असतो. आमच्या दहिवडीत तो साडेसतरा-अठरा अंशांवर. उत्तरेला शंभू महादेवाची डोंगररांग आहे आणि डोंगराच्या वर जी धुळीची पट्टी राहते तिच्या थोडा वरच तो मिणमिणतो. मार्चनंतर काही रात्री तो दिसतच नाही. शहरात तर समोरच्या इमारतीचा पहिला-दुसरा मजला त्याला झाकून टाकतो. पुण्या-मुंबईच्या गच्चीवर ट्रॅकर लावायचा विचार असेल तर विकत घेण्याआधी एका रात्री गच्चीवर जाऊन ध्रुव दिसतो का एवढं बघा.

ट्रॅकरच्या मधून आरपार छोटी दुर्बीण आहे, तिच्यात घड्याळासारखं वर्तुळ कोरलेलं आहे. खरा ध्रुवबिंदू आणि ध्रुवतारा यांत सध्या चाळीस कलांच्या आतबाहेर अंतर आहे, म्हणून तारा वर्तुळावर त्या वेळेच्या खुणेला आणून ठेवायचा. मोबाइलवरचं अ‍ॅप ती खूण सांगतं. आपल्याकडे आस जवळजवळ आडवाच असल्यामुळे मान वाकडी करावी लागत नाही, सरळ समोर बघायचं. फक्त मी ट्रायपॉडचे खालचे बारीक पाय उघडत नाही, त्यामुळे दुर्बीण गुडघ्याच्या उंचीवर येते. गोणपाट टाकून गुडघ्यांवर बसते. आधी दादा हसला, मग त्याने माझ्यासाठी जाड गोणपाट काढून ठेवलं.

पण इतकी काटेकोर मांडणी या लेन्सला लागते का? हा हिशोब मी बसून केला आणि माझा जीव भांड्यात पडला. ध्रुवतारा नुसता दुर्बिणीच्या मधोमध धरला, खुणेबिणेकडे पाहिलंच नाही, तर चूक होते चाळीस कलांची. त्या चुकीमुळे नव्वद सेकंदांत तारा जास्तीत जास्त सोळा विकला घसरतो. म्हणजे माझ्या एका पिक्सेलपेक्षाही कमी. ५० किंवा ५८च्या लेन्सवर सुरुवात करणाऱ्याने त्या घड्याळाच्या वर्तुळाची धास्ती घ्यायचं कारण नाही. २०० मिलिमीटरला हीच चूक तीन पिक्सेलांची होते, तेव्हा मात्र नीट लावा. म्हणूनच मी सुरुवातीला म्हटलं की लेन्स जुनीच बरी, मोठी नको.

ध्रुव धुळीत बुडालेला असेल त्या रात्री होकायंत्र वापरते. महाराष्ट्रात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहून कमी फरक आहे, हे आपलं नशीबच. होकायंत्र ट्रॅकरपासून लांब धरायचं, दिशा जमिनीवर दोरी ताणून आखायची आणि वेजचा कोन आपल्या गावच्या अक्षांशावर ठेवायचा. अशा रात्री मी नव्वदऐवजी तीस सेकंदांच्या फ्रेमा घेते. चालतं.

पहिली रात्र वाया गेली, तिची गोष्ट सांगायलाच हवी. ट्रॅकरच्या अंगावर उत्तर-दक्षिण गोलार्धाची एक लहानशी कळ आहे. पेटीतून काढता-घालताना ती दक्षिणेकडे सरकली होती. कृत्तिका लावल्या, फोकस केला, पाऊण तास फ्रेमा घेतल्या. सगळ्या रेघा. आणि त्या रेघा ट्रॅकर बंद असताना येतील त्याच्या दुप्पट लांबीच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी लांबी मोजली तेव्हा कळलं की मोटर उलटी फिरत होती, म्हणून पृथ्वीचा वेग आणि मोटरचा वेग एकमेकांत मिळाले होते. तेव्हापासून त्या कळीवर चिकटपट्टी आहे.

बाकी त्रास झाला तो ट्रॅकरभोवतीच्या सामानाचा. आधी घेतलेलं स्वस्त बॉल हेड कॅमेऱ्याच्या वजनाने हळूहळू खाली ढळायचं. एका फ्रेममध्ये ते दिसत नाही, पण पहिली आणि चाळिसावी फ्रेम शेजारी ठेवली की तारे फ्रेममध्ये वर सरकलेले. दोष ट्रॅकरचा वाटतो, असतो हेडचा. ओळखायची रीत अशी की ध्रुवाची चूक असेल तर सरकण्याची दिशा आकाशाच्या भागाप्रमाणे बदलते, हेड ढळत असेल तर कॅमेऱ्याची नजर नेहमी जमिनीकडे जाते, म्हणजे तारे नेहमी वर. मग जुन्या बाजारातून एक जड हेड बावीसशेला आणलं आणि तो प्रश्न संपला. दुसरी गोष्ट पॉवर बँकेची. ट्रॅकर इतकी कमी वीज घेतो की पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही आणि ती वीस-तीस सेकंदांत आपोआप बंद होते. चार्ज होणारे पेन्सिल सेल घ्या, दोन जोड. ट्रायपॉडच्या पायांखाली फरशीचे तुकडे ठेवा. काळी माती रात्रीत दबते.

लेन्सबद्दल. हेलिओस पूर्ण उघडी, म्हणजे एफ/२ला वापरली तर कडेचे तारे पंख पसरलेल्या पाखरांसारखे दिसतात. त्या काळच्या बहुतेक उघड्या लेन्सचा हा स्वभाव आहे. एफ/४ला आणलं की कडा बऱ्यापैकी सुधारतात. पण मग लेन्सचं भोक लहान करणाऱ्या आतल्या पडद्याच्या आठ पात्यांमुळे व्याधाभोवती आठ किरणं फुटतात. काहींना ती आवडतात. मला व्याध जसा आहे तसा हवा होता. मग लेन्सच्या तोंडावर काळ्या कार्डपेपरची रिंग कापून बसवली. मधलं भोक साडेचौदा मिलिमीटरचं, म्हणजे तेच एफ/४. पडदा पूर्ण उघडा ठेवायचा आणि उजेड रिंगने अडवायचा. भोक गोल असल्याने किरणं गेली, व्याध गोल टपोरा आला. भोक कंपासने आखून नव्या ब्लेडने सावकाश कापलं होतं, तरी डाव्या बाजूला एक खाच राहिली आणि सगळ्या प्रखर ताऱ्यांना त्या रांगेत एक बारीक तुरा फुटला. दुसरी रिंग दोन तासांनी जमली. फोकस मात्र दर वेळी व्याधावर किंवा ब्रह्महृदयावर, लाइव्ह व्ह्यू दहा पट मोठा करून. लेन्सवरची अनंताची खूण भरवशाची नाही. फोकस लागला की रिंगवर चिकटपट्टी. डिसेंबरात रात्री दोननंतर काचेवर दहिवर बसतं, त्यासाठी लेन्सभोवती गरम होणारी पट्टी घेतली, सहाशे रुपयांची. तिला पॉवर बँक चालते.

एक मर्यादा कॅमेऱ्याची. दिवसा रंग खरे यावेत म्हणून सेन्सरच्या पुढे असलेलं फिल्टर ६५६ नॅनोमीटरचा लाल बराचसा अडवतं आणि हायड्रोजनचे तेजोमेघ नेमके त्याच लालमध्ये चमकतात. त्यामुळे मृगातला मोठा तेजोमेघ गुलाबीसर येतो, पण त्याभोवतीचं अंधुक लाल वलय येत नाही. फिल्टर काढून देणारे लोक आहेत. माझ्या कॅमेऱ्याला मी हात लावू दिला नाही. तारकागुच्छ आणि दीर्घिका यांना त्या लालची फारशी गरज नसते आणि माझ्यासमोर अजून ते खूप आहेत.

फ्रेमा एकावर एक रचायचं काम घरच्या जुन्या लॅपटॉपवर होतं. डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल, दोन्ही फुकट. चाळीस फ्रेमा रचल्या की गोंगाट साधारण सहा पटींनी उतरतो. लेन्सवर झाकण लावून तेवढ्याच वेळेच्या काळ्या फ्रेमाही घ्या, त्यांनी सेन्सरचे गरम ठिपके जातात. याहून जास्त इथे लिहीत नाही, शिकवणारे पुष्कळ आहेत.

लिहायचं आहे ते गेल्या वर्षीच्या आधीच्या नोव्हेंबरातल्या देवयानी दीर्घिकेबद्दल. रात्री नऊच्या सुमारास ती उत्तरेकडे पण बरीच उंच, सहासष्ट अंशांवर होती. आयएसओ १६००, नव्वद सेकंद, चाळीस फ्रेमा, म्हणजे बरोबर तासभर. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर एक तांदळाएवढा पांढुरका ठिपका दिसत होता. मधेच शेजारच्या वावरातले एक काका डोक्याला बॅटरी बांधून बांधावरून आले. त्या आठवड्यात शेतीपंपाची लाईट रात्रीची होती आणि कांद्याला पाणी चाललं होतं.

"आक्का, काय चाललंय म्हणायचं अंधारात?"

"देवयानी दीर्घिकेचा फोटो काढतेय काका. तिथला उजेड पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालाय, आज इथं पोचतोय."

काकांनी वर बघितलं, मग काही न बोलता बॅटरी विझवली आणि बांधावर उकिडवे बसले. कॅमेऱ्याचं शटर खट्ट वाजलं की विचारायचे, "आता लावू का?" मी थांबा म्हणायचे. असे चार वेळा थांबले. पाचव्यांदा म्हणाले, "पंचवीस लाख वर्सं आलाय तर त्याला येऊ दे निवांत, मी जातो तसाच." आणि अंधारातच पाण्याकडे गेले.

दुसऱ्या दिवशी रचलेल्या चित्रात देवयानी पाचशेच्या आसपास पिक्सेल लांब आली. मधला पिवळसर गाभा, एका कडेला धुळीची काळी रेघ आणि शेजारी तिच्या दोन लहान सोबतिणी, त्यातली एक अगदी धुरासारखी. मोठ्या दुर्बिणीच्या चित्रांपुढे हे काहीच नाही, ते मला माहीत आहे. पण बाबांच्या लेन्समधून आलेली ही पहिली दीर्घिका आहे. फिल्मवर आम्हाला तिचा फक्त गाभा मिळाला होता. फिल्म लांब एक्सपोजरला दमते, पहिल्या मिनिटाइतका उजेड पाचव्या मिनिटाला धरत नाही. सेन्सर दमत नाही. स्क्रूवर हात ठेवून बसलेल्या बाबांना हे दाखवायला हवं होतं.

ट्रॅकर कोणी घेऊ नये? ज्यांना शनीची कडी, गुरूचे पट्टे हवेत त्यांच्यासाठी हा नाही, त्यांना लांब पल्ल्याची दुर्बीण लागेल. ज्यांना बटण दाबून वस्तू समोर यायला हवी त्यांनाही नको. हा फक्त एका आसावर फिरतो, काय कुठे आहे ते तुम्हालाच ठाऊक असावं लागतं. नक्षत्रं ओळखता येत नसतील तर आधी एक वर्ष नुसतं आकाश बघा. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या १९४४पासून चालत आलेल्या संस्था यासाठीच आहेत. आणि अंधार लागतोच. पेंचला जानेवारी २०२४मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, देशातला पहिला, त्याचा मला फार आनंद आहे. आमच्या वस्तीवर मात्र आता गावातला हायमास्ट पूर्वेची दहा-बारा अंशांची पट्टी खातो. १९९७मध्ये तिथे काळोख होता.

सेकंडहँड घेणार असाल तर मोटर चालू करून दहा मिनिटं थांबा, कारण वर्मचा एक पूर्ण फेरा दहा मिनिटांचा असतो. मधे कुठे अडखळली तर तेव्हाच कळेल. दुर्बिणीतून लांबचा खांब किंवा मनोऱ्याचं टोक फुलीवर धरा आणि आस हाताने अर्धा फिरवा. टोक फुलीवरच राहिलं पाहिजे. सेलच्या खणात गंज बघा.

आमच्या अक्षांशावर ध्रुव खाली असतो त्याची भरपाई दक्षिणेला मिळते. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी, सतरा हजार प्रकाशवर्षांवरचा ताऱ्यांचा भला मोठा गोळा, एप्रिलच्या मध्यावर मध्यरात्री आमच्या वस्तीवरून पंचवीस अंश वर येतो. लंडनवाल्यांना तो क्षितिजावर येतच नाही. गेल्या एप्रिलमध्ये धूळ होती, बाराच फ्रेमा मिळाल्या, शंभर पिक्सेलांचा एक मऊ गोळा आला, कडेचे तारे सुटे झाले नाहीत. या वर्षी अमावास्येच्या आसपासच्या तीन रात्री धरल्या आहेत, साठ फ्रेमा घ्यायच्या. दक्षिणेला लिंबाच्या दोन फांद्या नेमक्या आड येत होत्या, त्या दादाने संक्रांतीनंतर छाटून टाकल्या आहेत.